समोरचा तज्ज्ञ, पडद्यावरचा तज्ज्ञ : पारख कशी करावी?

घरात कोणी आजारी पडले, जमिनीच्या कागदपत्रांत काही अडले किंवा निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम कोठे गुंतवावी असा पेच पडला, की माणूस जाणकाराकडे धाव घेतो. पूर्वी हा जाणकार ओळखीतून मिळत असे. शेजाऱ्यांनी डॉक्टरांचे नाव सुचवावे, कचेरीतल्या सहकाऱ्याने वकिलाचा पत्ता द्यावा, मामांनी आपल्या नेहमीच्या सराफाकडे घेऊन जावे, अशी ती रीत होती. आज त्याच प्रश्नांची उत्तरे मोबाइलच्या पडद्यावर क्षणार्धात मिळतात आणि उत्तर देणारा प्रत्येक जण तज्ज्ञ म्हणवला जातो. सल्ल्याची टंचाई संपली. सल्लागार पारखण्याची कसोटी मात्र अनेकांच्या हाती उरलेली नाही. पारख चुकली तर आयुष्यभराची पुंजी जाते, प्रसंगी जिवावर बेतते.

या पारखीबाबत दोन टोकाची मते ऐकू येतात. प्रत्यक्ष भेटल्याशिवाय कोणावरही विश्वास ठेवू नये, असे एक मत. हजारो लोकांनी ज्याला पसंतीचे तारे दिले तो खोटा कसा असेल, हे दुसरे. दोन्ही मते अपुरी आहेत. समोरासमोरच्या भेटीत माणूस दिसतो, पण तो सांगतो ते तपासून पाहण्याची सवड मिळत नाही. पडद्यावर त्याचे म्हणणे सावकाश तपासता येते, परंतु माणूस झाकलेला राहतो. म्हणून आपल्या प्रश्नासाठी यांपैकी काय दिसणे अगत्याचे आहे, हे आधी ठरवावे लागते. पारखीची सारी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे.

ओळखीची साखळी

ओळखीतून मिळणाऱ्या तज्ज्ञाचे खरे बळ त्याच्या ज्ञानाइतकेच त्याच्या उत्तरदायित्वात होते. पेठेतल्या डॉक्टरांचे निदान चुकले, तर त्यांना त्याच पेठेत उद्या पुन्हा दवाखाना उघडायचा असे. नाव सुचवणाऱ्यालाही आपली पत सांभाळावी लागे. सल्ला, सल्लागार आणि परिणाम ही तिन्ही एकाच वस्तीत राहत असल्यामुळे चूक लपवणे अवघड होते.

या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. ओळखीच्या वर्तुळात असेल तेवढेच ज्ञान उपलब्ध होई. दुर्मीळ आजाराचा रुग्ण वर्षानुवर्षे एकाच दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत राही. शिवाय ‘आपले डॉक्टर’ किंवा ‘आपले वकीलसाहेब’ यांच्याबद्दल शंका काढणे हा अविश्वास मानला जाई. इंटरनेटने हे वर्तुळ मोडले, हा त्याचा मोठा लाभ आहे. वर्तुळ मोडताना उत्तरदायित्वाची साखळीही तुटली, हा त्याचा तोटा.

समोरासमोरची भूल

माणूस प्रत्यक्ष पाहिला, त्याचे बोलणे ऐकले, म्हणजे त्याची योग्यता कळते, अशी सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीला छेद देणारा एक प्रयोग अमेरिकेत १९७० मध्ये झाला. मानसोपचारतज्ज्ञ व शिक्षणक्षेत्रातील अभ्यासकांच्या एका मेळाव्यात ‘डॉ. मायरन फॉक्स’ नावाच्या विद्वानाचे व्याख्यान ठेवण्यात आले. वैद्यकीय शिक्षणात गणितातील खेळ सिद्धांताचा उपयोग, हा विषय होता. प्रत्यक्षात वक्ता हा व्यावसायिक अभिनेता होता आणि त्याला त्या विषयाचे कोणतेही ज्ञान नव्हते. परस्परविरोधी विधाने, नव्याने घडवलेले निरर्थक शब्द, विनोद आणि प्रसन्न वावर यांच्या बळावर त्याने वेळ मारून नेली. श्रोत्यांनी व्याख्यानाला उत्तम अभिप्राय दिला. हा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि व्याख्यात्याच्या छापेमुळे आशय तपासण्याचे राहून जाते, या प्रकाराला ‘डॉ. फॉक्स परिणाम’ असे नावच पडले. फसलेले श्रोते अडाणी नव्हते. अध्यापन आणि मनोव्यापार हाच त्यांचा व्यवसाय होता.

दुसरे उदाहरण भाकिते करणाऱ्या तज्ज्ञांचे. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी सुमारे २० वर्षे २८४ तज्ज्ञांकडून राजकीय व आर्थिक घडामोडींविषयीची ८० हजारांहून अधिक भाकिते नोंदवून घेतली आणि नंतर ती वस्तुस्थितीशी ताडून पाहिली. २००५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रसारमाध्यमांतून झळकणाऱ्या तज्ज्ञांची भाकिते तुलनेने अधिक चुकीची ठरली. एकच मोठी कल्पना ठामपणे मांडणारे वक्ते प्रेक्षकांना आवडतात; पण अनेक शक्यतांचा विचार करून सावधपणे बोलणाऱ्यांचे अंदाज अधिक बरोबर येतात, असे त्यांना दिसून आले. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण येथे आकडेवारीनिशी प्रत्ययास येते.

पडद्यावरची भूल

पडद्यावर वक्तृत्वाची जागा तारे, पसंत्या आणि अनुयायांची संख्या घेतात. २००० साली अमेरिकेतील एका प्रश्नोत्तराच्या संकेतस्थळावर कायदेविषयक सल्ला देणाऱ्यांच्या क्रमवारीत १५ वर्षांचा एक शाळकरी मुलगा सनदी वकिलांना मागे टाकून पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. त्याने कायद्याचे शिक्षण घेतलेले नव्हते. दूरचित्रवाणीवरील न्यायालयीन कार्यक्रम हा त्याच्या माहितीचा मोठा स्रोत होता. त्याची उत्तरे तत्पर, सोपी आणि आत्मविश्वासपूर्ण असत. विचारणाऱ्यांना ती आवडत. त्याचे वय उघड झाल्यावर तो क्रमवारीत घसरला आणि काही काळाने पुन्हा वर आला. पत्रकार मायकेल लुइस यांनी २००१ मध्ये हे प्रकरण प्रकाशात आणले. तारे देणारे लोक उत्तराच्या अचूकतेचे मोजमाप करत नव्हते, कारण ते त्यांना करताच येत नव्हते. ते समाधानाचे मोजमाप करत होते.

आजही डॉक्टरांच्या वा दवाखान्यांच्या नावापुढील तारे पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. किती वेळ थांबावे लागले, स्वागतकक्षातील वागणूक कशी होती, हे रुग्णाला निश्चित सांगता येते. निदान बरोबर होते की नाही, हे त्याला बहुधा सांगता येत नाही. त्यातच पैसे देऊन लिहवून घेतलेल्या अभिप्रायांची भर पडते. त्याला आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. ते ऐच्छिक स्वरूपात लागू करण्यात आले.

पदव्यांच्या दाव्यांचेही तसेच. २००७ मध्ये विकिपीडियाच्या एका प्रमुख संपादकाने आपण धर्मशास्त्राचे प्राध्यापक असल्याचे सांगितले होते, ते खोटे निघाले. तो पदवी नसलेला २४ वर्षांचा तरुण होता. ज्ञानकोशातील वादांत त्याने या कल्पित पदवीचा आधार घेतला होता. पडद्यावर पदवी सांगायला काहीच खर्च येत नाही. म्हणून केवळ सांगितलेल्या पदवीला काही किंमतही नसते.

आता तर चेहरा दिसणे हाही पुरावा उरलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांची बनावट चित्रफीत एका गेमिंग अॅपच्या जाहिरातीसाठी फिरवण्यात आली आणि स्वतः तेंडुलकर यांना त्याबाबत लोकांना सावध करावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने आपल्या व्यवस्थापकीय संचालकांचा चेहरा व आवाज वापरून शेअर सुचवणाऱ्या बनावट चित्रफितींविरुद्ध इशारा दिला. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये एका ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपल्या वरिष्ठांना ‘पाहून’ सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर भलत्याच खात्यांत भरले. बैठकीतील ती माणसे संगणकाने घडवलेली होती. व्हिडिओवर बोलणे झाले म्हणजे प्रत्यक्ष भेट झाली, असे समजण्याचे दिवस संपले आहेत.

दावा तपासता येतो तेव्हा

याचा अर्थ दुरून तज्ज्ञ ओळखताच येत नाही असा नाही. त्याचे विख्यात उदाहरण इंटरनेटच्या कितीतरी आधीचे आहे. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करणाऱ्या श्रीनिवास रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. पत्रलेखकाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, ओळखीचा दुवा नव्हता. होती ती केवळ गणिताच्या सूत्रांनी भरलेली पाने. हार्डी यांनी सहकारी लिटलवूड यांच्यासह ती तपासली. काही सूत्रे परिचित होती, काही सिद्ध करता येण्याजोगी होती, तर काही अशी होती की त्यांच्यामागे असामान्य प्रतिभा असल्याशिवाय ती सुचणेच शक्य नव्हते. गणितात दावा स्वतःच आपला पुरावा घेऊन येतो. त्यामुळे माणूस न पाहताही पारख झाली.

या कथेचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. पारख पत्रावर झाली, पण त्या प्रतिभेचा पुरता उपयोग व्हावा यासाठी रामानुजन यांना १९१४ मध्ये केंब्रिजला नेणे भाग पडले. त्यांना काय येते आणि काय येत नाही, विशेषतः काटेकोर सिद्धता मांडण्याच्या रूढ पद्धतीची त्यांना किती कमी ओळख आहे, हे रोजच्या सहवासातच उमगले. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, ते या एकत्र कामानंतर.

तपासता येण्याजोग्या ज्ञानाबाबत इंटरनेटची कामगिरी आजही चांगली आहे. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये विकिपीडिया आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका यांतील विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. दर नोंदीत सरासरी विकिपीडियात सुमारे ४ व ब्रिटानिकात सुमारे ३ चुका आढळल्या. गंभीर चुका दोहोंकडे सारख्याच होत्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. तरीही अनोळखी माणसांनी लिहिलेला कोश इतका जवळ पोहोचू शकतो, हे त्यातून दिसले.

मराठी वाचकाला हा फरक आपल्याच घरात पाहता येतो. वाई येथून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली घडलेल्या या कोशातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियातील लेखाखाली असे नाव नसते; त्याऐवजी संदर्भ आणि प्रत्येक बदलाचा इतिहास पाहता येतो. एकात लेखक जबाबदारी घेतो, दुसऱ्यात पुराव्याने ती घ्यावी अशी अपेक्षा असते. ज्या पानावर लेखकाचे नाव नाही आणि पुरावाही नाही, ते पान वाचकाने बाजूला ठेवावे.

हातातले ज्ञान

काही ज्ञान मात्र कागदावर वा पडद्यावर पूर्णपणे उतरतच नाही. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक मायकेल पोलान्यी यांनी अशा अव्यक्त ज्ञानाची मांडणी केली. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचा ठोस पुरावा मिळतो. टीईए नावाचा नव्या प्रकारचा लेसर उभारण्याचे प्रयत्न तेव्हा ब्रिटनमधील निरनिराळ्या प्रयोगशाळांत चालू होते. त्याची माहिती नियतकालिकांत छापून आलेली होती. तरीही केवळ छापील लेखांच्या आधारे कोणालाही तो चालू करता आला नाही. ज्यांना जमले, त्यांचा आधी तो लेसर चालवलेल्या माणसांशी प्रत्यक्ष संबंध आलेला होता. सारे शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ होते, आराखडेही हाती होते. उणीव होती ती सोबत बसून पाहण्याची.

ही गोष्ट संगीताच्या शागिर्दाला सांगावी लागत नाही. अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये राहणारी मराठी मुले पुण्या-मुंबईतील गुरूंकडून व्हिडिओवर गाणे शिकतात. बंदिशीचे शब्द, रागाचे नियम, चलन हे सारे त्यातून पोहोचते. परंतु ध्वनी पोहोचण्यास लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबामुळे गुरू-शिष्यांना एकत्र गाता येत नाही, आणि गुरूच्या आवाजात आवाज मिसळून गाणे हाच तर तालमीचा गाभा. म्हणूनच सुट्टीत भारतात येऊन समोर बसण्याला या शिक्षणात मोल उरते.

वैद्यकात हा प्रश्न जिवाचा होतो. जुन्या मधुमेहाच्या औषधाचे प्रमाण ठरवणे, तपासणीचे अहवाल समजावून घेणे, मानसोपचारातील संवाद यांसाठी दूरस्थ सल्ला उपयोगी पडतो. पोटात दुखत असताना हाताने दाबून पाहणे, छातीला स्टेथोस्कोप लावणे, गाठीचा कठीणपणा अजमावणे हे पडद्यावरून होत नाही. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांत याची दखल घेतलेली आहे. दुरून सल्ला पुरेसा आहे की प्रत्यक्ष तपासणी हवी, हे ठरवण्याची जबाबदारी डॉक्टरवर टाकण्यात आली. काही औषधे पहिल्या खेपेस केवळ व्हिडिओ सल्लामसलतीनंतरच देता येतील आणि अमली द्रव्यांसारखी काही औषधे दुरून देताच येणार नाहीत, असेही त्यात स्पष्ट केले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणांना रुग्णाला थेट सल्ला वा औषध देण्यास मनाई करण्यात आली.

दोन्ही पद्धतींचा मेळ घालणारे उदाहरणही देशात आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये १० कोटी सल्लामसलतींचा टप्पा ओलांडला. तिच्या एका प्रकारात रुग्ण गावच्या आरोग्य केंद्रात कर्मचाऱ्यासमोर बसतो आणि तज्ज्ञ दूरच्या रुग्णालयातून बोलतो. रक्तदाब मोजणारा हात जवळ असतो, निदान करणारे ज्ञान दुरून येते. दूरचा तज्ज्ञ वापरायचा तर त्याच्यासाठी पाहणारा एखादा जबाबदार माणूस जवळ असावा, हा त्यातला धडा शहरातल्या कुटुंबांनीही घ्यावा असा आहे.

आत्मविश्वास कोणाचा ग्राह्य?

अनुभवी माणूस पाहताक्षणी अचूक निर्णय घेतो, असे आपण मानतो. हे केव्हा खरे असते, याविषयी डॅनियल काहनमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये संयुक्त लेख लिहिला. एक जण तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेकडे संशयाने पाहणारा, तर दुसरा तिचा पुरस्कर्ता. दोघांचे एकमत दोन अटींवर झाले. ज्या क्षेत्रात तो माणूस काम करतो त्यात पुरेशी नियमितता हवी, आणि आपला निर्णय बरोबर ठरला की चूक हे त्याला वारंवार व लवकर कळत असले पाहिजे. अग्निशमन दलाचा अनुभवी अधिकारी वा अतिदक्षता विभागातील परिचारिका या अटी पूर्ण करतात. एकेका शेअरचा भाव वर्षभराने कोठे जाईल हे सांगणारा त्या पूर्ण करत नाही, मग त्याचा आवाज कितीही ठाम असो.

ही कसोटी शहरी वाचकाच्या खिशाशी थेट निगडित आहे. भारतीय रोखे व विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या फ्युचर्स व ऑप्शन्स व्यवहारांत उतरलेल्या १०० पैकी ९३ व्यक्तिगत गुंतवणूकदारांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. आणि याच व्यवहारांचे ‘तज्ज्ञ’ पडद्यावर सर्वाधिक दिसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने शेअर बाजाराचे धडे देणाऱ्यावर नोंदणीविना सल्ला दिल्यावरून सेबीने अंतरिम आदेशाद्वारे बंदी घातली आणि सुमारे १७ कोटी २० लाख रुपये जमा करण्यास सांगितले. नफ्याची चित्रे दाखवणाऱ्या या व्यक्तीचा स्वतःचा व्यवहार तोट्यात असल्याचे आदेशात नमूद होते. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये, केवळ शिक्षण देत असल्याचा दावा करणाऱ्यांनी मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरू नयेत, असे बंधन सेबीने घातले.

नोंदवही उघडून पाहा

सुदैवाने उत्तरदायित्वाची तुटलेली साखळी काही अंशी पुन्हा जोडण्याची साधने इंटरनेटवरच उपलब्ध आहेत. तज्ज्ञाने स्वतःबद्दल काय लिहिले आहे ते वाचण्याआधी त्याच्याबद्दल नियामक संस्थेच्या नोंदवहीत काय आहे ते पाहावे.

डॉक्टर : अॅलोपॅथीच्या डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक, मूळ पदवी आणि अतिरिक्त पात्रता तपासता येते. पाटीवर ‘तज्ज्ञ’ असे लिहिले असेल, तर त्या शाखेची अतिरिक्त पात्रता नोंदलेली आहे काय, हे पाहणे महत्त्वाचे. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या परिषदा स्वतंत्र आहेत. दुरून दिलेल्या चिठ्ठीवरही नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे.

गुंतवणूक सल्लागार : सल्लागारांना २०१३ च्या आणि संशोधन विश्लेषकांना २०१४ च्या नियमांनुसार सेबीकडे नोंदणी करावी लागते. पहिल्यांचा क्रमांक ‘आयएनए’ आणि दुसऱ्यांचा ‘आयएनएच’ या अक्षरांनी सुरू होतो. क्रमांक दुसऱ्याचा चोरूनही छापला जातो. म्हणून सेबीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकापुढील नाव व संपर्क जुळवून पाहावा. हमखास परताव्याचे वचन देणारा अथवा गुंतवणुकीची रक्कम स्वतःच्या खात्यात मागणारा सल्लागार तेथेच नापास होतो.

सनदी लेखापाल : लेखापालाने सही केलेल्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा १८ अंकी क्रमांक असतो. २०१९ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून प्रमाणपत्राची सत्यता पडताळता येते.

वकील : सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची असते. वकिलांना आपल्या कामाची जाहिरात करण्यास व्यावसायिक नियमांनी मनाई आहे. संकेतस्थळावर मोजकी ठरलेली माहितीच देता येते. त्यामुळे ‘खटला जिंकून देऊ’ अशी जाहिरात दिसली, तर तीच सावध होण्याची खूण समजावी.

घरांचे मध्यस्थ : २०१७ पासून ‘महारेरा’कडे प्रकल्प व मध्यस्थ या दोहोंची नोंदणी होते. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर संकेत देणे बंधनकारक झाले. तो मोबाइलने वाचताच प्रकल्पाची नोंद समोर येते.

नोंदवही पाहिली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. नोंदणी ही किमान पात्रतेची खूण आहे, कौशल्याची नव्हे. ती दोन गोष्टी सांगते : हा माणूस जो म्हणवतो तो आहे, आणि त्याने चूक केली तर दाद मागण्यास एक दार आहे.

विचारावे कसे?

कौशल्य अजमावण्यासाठी प्रश्न विचारावे लागतात. पदवी कोणती, यापेक्षा ‘अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत, त्यांत गुंतागुंत किती वेळा झाली’ हा प्रश्न अधिक माहिती देतो. ‘आपला अंदाज चुकीचा ठरवणारी कोणती गोष्ट पुढे दिसू शकेल’ असे विचारल्यास जाणकार थांबून विचार करतो. बतावणी करणारा चिडतो किंवा विषय बदलतो. खरा तज्ज्ञ उत्तर देण्याआधी स्वतः बरेच प्रश्न विचारतो, कारण कोणत्या माहितीने उत्तर बदलेल हे त्याला ठाऊक असते. आपल्या कक्षेबाहेरचा प्रश्न आला, की तो दुसऱ्याचे नाव सुचवतो. पडद्यावर असो वा समोर, ही लक्षणे सारखीच.

उपयोग करण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. भेटीपूर्वी इंटरनेटवर विषयाची तोंडओळख करून घ्यावी, म्हणजे डॉक्टरांच्या वा वकिलांच्या दहा मिनिटांत योग्य तेच विचारता येते. कागदपत्रे, अहवाल, चालू असलेली औषधे यांची तारीखवार यादी सोबत असावी. भेटीत मिळालेला सल्ला लिहून घ्यावा आणि घरी आल्यावर विश्वासार्ह स्रोतांशी ताडून पाहावा. मोठी शस्त्रक्रिया, घराची खरेदी, निवृत्तीची पुंजी अशा न परतवता येणाऱ्या निर्णयांत दुसरे मत घ्यावेच. दुसरे मत देणाऱ्याचा त्या व्यवहारात हितसंबंध नसावा. ज्याला वस्तू विकून दलाली मिळते त्याच्याकडून ती घ्यावी की नाही, हे विचारणे व्यर्थ असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनाही हाच नियम लागू पडतो. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या कार्यालयाला ५ हजार डॉलरचा दंड ठोठावला. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे त्यांनी न्यायालयात सादर केले होते. वकील खरे होते, सनदही खरी होती. निवाडे उघडून पाहण्याचे कष्ट तेवढे घेतले गेले नव्हते. अशा साधनाने दिलेला प्रत्येक दाखला मुळातून पाहणे हाच त्यावरचा उपाय.

थोडक्यात सांगायचे, तर तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. सांगितलेले म्हणणे स्वतः किंवा दुसऱ्याकडून तपासता येते काय? येत असेल, तर सांगणारा जगाच्या पाठीवर कोठेही असला तरी हरकत नाही. ते तपासता येत नसेल आणि सारा भरवसा त्याच्या हातावर, नजरेवर वा निर्णयावर ठेवायचा असेल, तर त्याला भेटावे, त्याचे पूर्वीचे काम पाहावे. आणि या दोहोंपैकी काहीही असो, चूक झाल्यास जाब विचारण्यासाठी त्याचे खरे नाव, खरा पत्ता आणि नोंदणी आपल्या हाती आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी वा औषध घेण्यापूर्वी पाहावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कितीही समाधानकारक असली तरी व्यवहार तेथेच थांबवणे श्रेयस्कर.